२८ कप्प्यांचा गोळ्यांचा डबा: १४ महिने वापरल्यावर

आमच्या अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, डिसेंबर २०२३ मध्ये गोळ्या ठेवायचा आठवड्याचा डबा मागवला. ३४९ रुपयांना पडला. एका ट्रेमध्ये सात उभे डबे, प्रत्येक वाराचा रंग वेगळा आणि प्रत्येक डब्याला चार झाकणं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एकूण २८ कप्पे. सोबत गोळी अर्धी करायचं पातं बसवलेलं एक लहानसं कटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा चार-पाच नावांनी मिळतो आणि सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

घरात शुगर-बीपीचं म्हातारं माणूस असेल आणि ते रोज सकाळी ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ म्हणत असेल, तर ही वस्तू घ्याच. डब्याचा आणि झोपेचा काय संबंध, असं मलाही वाटलं असतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

अण्णा ७७ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं चिपळूण-मुंबई रातराणीवर. रात्री दोन वाजता कशेडीचा घाट उतरवणारा माणूस. शुगर वीस-बावीस वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून, गुडघे गेलेले. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. मी इथल्या एका पतपेढीत नोकरी करते. सकाळी साडेनऊला बाहेर पडते ती सहाला परत येते. त्यामुळे गोळ्या त्यांच्या तेच घ्यायचे, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. अण्णांची फाइल खालच्या कपाटात होती. जुने ईसीजी, रिपोर्ट, आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळ्याचा चिखलात लगदा झाला. त्यानंतर काही दिवस शिबिरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग एका दवाखान्यात दाखवलं, मग दुसऱ्या. प्रत्येकाने विचारलं, ‘आधी काय चालू होतं?’ अण्णा सांगायचे, ‘एक पांढरी, बारीक. एक गुलाबी, लांबट.’ त्या सांगण्यावरून प्रत्येकाने भल्यासाठीच काही ना काही लिहून दिलं. यात कोणाला दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्यावर पाण्याची गोळी आली, म्हणजे फ्युरोसेमाइड, सकाळी एक आणि रात्री एक. रात्रीची ते जेवून झाल्यावर, आठच्या सुमाराला घ्यायचे. मग रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठणं सुरू झालं. या वयात प्रोस्टेट असतंच, असं सगळेच म्हणाले आणि टॅमसुलोसिन सुरू झालं. उठणं काही थांबेना. झोप होत नाही म्हणून अल्प्राझोलाम आली, आधी ०.२५, दोन महिन्यांनी ०.५. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. निदान रात्री चार तास तरी घरात शांतता असायची.

पुढच्या वर्षभरात अण्णा मंद होत गेले. पेपर हातात घेऊन बसायचे पण पान उलटायचे नाहीत. शेजारच्या वहिनींचं नाव आठवेना. एकदा पेज गॅसवर ठेवून तिथेच खुर्चीत पेंगले, पातेलं करपून काळं झालं. हे म्हातारपणाचं विसरणं सुरू झालं, असं मी मनाशी धरून चालले होते. ऑफिसात बसून कित्येकदा रडलेही आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्री सव्वादोनला मोरीच्या दारात पडले. कपाळाला चार टाके आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. कमरेचं हाड वाचलं, त्याबद्दल देवाचे आभार मानते.

त्या आठवड्यात मी गल्लीतल्या मेडिकलमध्ये त्यांची झोपेची गोळी आणायला गेले. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येते. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि देताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मेडिकलवाल्या दादांनी पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ताई, मागच्या खेपेला ३० दिल्या होत्या. वीसच दिवस झालेत. रोज एकच घेतात ना?’

घरी येऊन अण्णांना विचारलं. त्यांना सांगता येईना. मग दोन रात्री मी बाहेर ओटीवर झोपले आणि बघितलं. साडेनऊला गोळी घेतली. बाराला लघवीला उठले, परत येऊन कॉटवर बसले, आणि पत्र्याचा डबा उघडून पुन्हा एक घेतली. आधीची घेतल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. ही गोळी पोटात असताना नेमकं तेवढंच विसरायला होऊ शकतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या रात्री मी डबा मागवला. तेव्हा हेतू एवढाच होता की रात्रीच्या कप्प्यात एकच गोळी असावी, आणि कप्पा रिकामा दिसला की घेतली हे कळावं.

खरं काम डबा भरताना झालं. रविवारी दुपारी ओटीवर पेपर अंथरला आणि पत्र्याचा डबा उपडा केला. तेरा वेगवेगळी पाकिटं निघाली. काही अर्धी कापलेली, काहींवर नावाचा भागच उरलेला नाही. मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं होतं की वरचं मोठं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते लिहून काढा. भिंग घेऊन बसले. एका वहीत रेघ मारून दोन रकाने केले, डावीकडे पाकिटावरचं नाव, उजवीकडे मूळ औषध.

सहाव्या ओळीला लिहिलं: अ‍ॅम्लोडिपिन ५. अकराव्या ओळीला लिहिलं: टेल्मिसार्टन ४० + अ‍ॅम्लोडिपिन ५. लिहिताना हात थांबला. वर जाऊन पुन्हा वाचलं. बीपीची एकच गोळी दोन नावांनी पोटात जात होती. एक पुराआधीपासूनची, एक पुरानंतरच्या दवाखान्यातली. दोन वर्षं ते रोज दुप्पट अ‍ॅम्लोडिपिन घेत होते आणि दोन्ही पाकिटं मीच महिन्याच्या महिन्याला आणून देत होते.

वही आणि डबा घेऊन आम्ही फिजिशियनकडे गेलो. त्यांनी यादी वाचायला दहा मिनिटं दिली, हे मी विसरणार नाही. मग कागदावर बाण काढत समजावलं. अ‍ॅम्लोडिपिनने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काही जणांच्या पायांवर सूज येते. डोस जास्त असेल तर सूज येण्याचं प्रमाणही जास्त. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते, त्यामुळे पाण्याच्या गोळीने ती धड उतरतही नाही. फ्युरोसेमाइडचा असर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास राहतो. रात्री आठला घेतली तर दोनपर्यंत माणूस मोरीच्या वाटेवर. त्यात दिवसभर पाय खाली सोडून खुर्चीत बसलं की पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि त्याचीही लघवी होते. टॅमसुलोसिनमुळे उठून उभं राहताना बीपी खाली येऊ शकतं. या सगळ्यावर अल्प्राझोलामची गुंगी.

‘तुमच्या वडिलांना झोपेचा आजार नव्हता,’ ते म्हणाले, ‘एका गोळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढत गेली.’

त्यांनी बीअर्स यादीबद्दलही सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची ही यादी १९९१ मध्ये मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी सुरू केली. आता ती तिथली जेरियाट्रिक्स सोसायटी, म्हणजे म्हाताऱ्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संस्था, वेळोवेळी सुधारते. २०२३ मध्येही सुधारली होती. अल्प्राझोलाम ज्या गटातली आहे तो संपूर्ण गट त्या यादीत आहे. पडणं, हाड मोडणं, भ्रम होणं ही त्याची कारणं. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा यादीत आहे. त्याने गुंगी येते, तोंड सुकतं, प्रोस्टेटवाल्याची लघवी अडू शकते. ती गोळी आमच्या पत्र्याच्या डब्यात होती. शिंक आली की अण्णा घ्यायचे.

मग त्यांनी अण्णांनाच विचारलं, ‘झोपता किती वाजता?’ साडेआठ. ‘पहाटे कधी उठता?’ साडेतीन. ‘दुपारी?’ जेवल्यावर दीड तास. डॉक्टरांनी बेरीज केली: रात्रीचे सात, दुपारचे दीड. म्हातारपणी झोप हलकी होते आणि लवकर येऊन लवकर संपते. साडेआठला अंथरुणात गेलेल्या माणसाने साडेतीनला उठावं, यात नवल नाही. रातराणीच्या दिवसांत दुपारी झोपायची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, रात्री साडेदहाशिवाय कॉटवर जायचं नाही, दुपारी चारनंतर चहा नाही, आणि संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं, असं ठरलं.

औषधांत बदल त्यांनी केले, मी नाही, हे मुद्दाम लिहिते. सुटं अ‍ॅम्लोडिपिन बंद केलं आणि रोज बीपी मोजून लिहायला सांगितलं. पाण्याची गोळी आधी फक्त सकाळी ठेवली, सूज उतरल्यावर महिन्याभराने बंद केली. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना हीच गोळी जगवत असते. आमच्याकडे बंद झाली म्हणून कोणी आपली बंद करू नका. झोपेची गोळी तर एकदम सोडायचीच नाही. बरेच दिवस घेतलेली असेल आणि अचानक थांबवली तर अंगाला कंप सुटतो, फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनीच उतरायचं.

इथे डब्याने फार मोठं काम केलं. उतरायच्या काळात कुठल्या रात्री किती गोळी, हे आठवड्याआधी ठरलेलं होतं आणि कप्प्यात दिसत होतं. रविवारी मी कटरने गोळ्या अर्ध्या करून ठेवायचे. उरलेलं पाकीट माझ्या कपाटात, कुलपात. अण्णा रात्री बाराला उठले आणि गोळी शोधायला लागले की मी त्यांना त्या वाराचा डबा दाखवायचे. रात्रीचा कप्पा रिकामा बघितला की ते वाद घालायचे नाहीत. ड्युटीचा तक्ता बघून आयुष्य काढलेला माणूस, लिहिलेलं मानायचा.

तीन महिने लागले. त्यातले काही आठवडे फार वाईट गेले. झोपेची गोळी कमी केली की काही दिवस झोप आधीपेक्षाही बिघडते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून धीर टिकला. रात्री एक वाजता मी त्यांच्या कॉटपाशी बसायचे. एकदा सहज म्हटलं, ‘अण्णा, गाडी काढा.’ त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. चिपळूण. खेड, भरणे नाका. कशेडी. पोलादपूर, इथे चहा. महाड. माणगाव. कोलाड. मध्येच थांबून, ‘बाय, तिथे साइडपट्टी खचलेली असायची, गाडी दुसऱ्यावर घ्यायची.’ नागोठणे. वडखळ. पेण क्वचितच यायचं. एका रात्री पनवेलपर्यंत आले, तेव्हा मला समजलं की आजची रात्र जड आहे. मी उठून पाठीला तेल चोळून दिलं.

आज ते रात्री एकदा उठतात, कधी दोनदा. पायावर अंगठा दाबला तर खळगा पडत नाही. आणि जे मी म्हातारपणाचं विसरणं समजून बसले होते, त्यातलं बरंचसं निघून गेलं. शेजारच्या वहिनींना नावाने हाक मारतात. पेपर वाचून मला बातम्या सांगतात.

मधे एकदा पहाटे तीनला घामाने भिजून उठले होते. शुगर मोजली तर ६२. रात्री जेवण कमी झालेलं आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी मात्र पूर्ण. रात्रीच्या अस्वस्थतेमागे हेही असू शकतं, म्हणून शुगरवाल्यांच्या घरी रात्री-अपरात्री मशीन हाताशी ठेवा. आमच्या डॉक्टरांनी ती गोळी सकाळपुरतीच ठेवली.

आता डब्याबद्दल.

याआधी मी १२० रुपयांचा सात कप्प्यांचा साधा डबा घेतला होता. त्यात दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकत्र पडतात, त्यामुळे सकाळची कुठली, रात्रीची कुठली हा घोळ तसाच राहतो. शिवाय रत्नागिरीला जाताना पिशवीत त्याची झाकणं उघडली आणि गोळ्या तळाशी विखुरल्या. दिवसाला चारपेक्षा कमी कप्पे असलेला डबा घेऊ नका.

या डब्यातला एका वाराचा भाग सुटा निघतो. लग्नाकार्याला जाताना तेवढाच खिशात टाकता येतो, ही सोय फार उपयोगी. पण झाकणं घट्ट आहेत. मनगट प्लास्टरमध्ये असताना अण्णांना उघडता येत नव्हती आणि संधिवाताची बोटं असणाऱ्यांना ती कायमच जड जातील. कप्पे लहान आहेत. मेटफॉर्मिनची मोठी गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र ठेवली की झाकण बसत नाही. झाकणांवरची अक्षरं इंग्रजी आणि छापील आहेत. सहा महिन्यांत सकाळची पुसून गेली. मी नेलपॉलिशने सकाळला लाल ठिपका दिला, रात्रीला निळा. अण्णांना अक्षरांपेक्षा ठिपकेच सोपे जातात.

कोकणातल्या पावसाळ्याचं वेगळं सांगते. पाकिटातून काढलेली गोळी ओल धरते. पहिल्या जुलैत शनिवारच्या कप्प्यातली अर्धी गोळी चिकट होऊन तळाला बसली होती. तेव्हापासून पावसात एका वेळी चारच दिवसांच्या भरते, ट्रे प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवते आणि त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकते. स्वयंपाकघरात आणि मोरीजवळ ठेवत नाही. काही गोळ्या तर पाकिटातून काढायच्याच नसतात. फिटसाठीची सोडियम व्हॅल्प्रोएट ओल ओढून घेते. रक्त पातळ करणारं डॅबिगॅट्रान कंपनीच्या वेष्टनातच ठेवावं लागतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन तिच्या काचेच्या बाटलीतच राहू द्यावी. भरण्याआधी यादी मेडिकलमध्ये दाखवून विचारून घ्या.

डबा लहान मुलांना सहज उघडतो. माझी भाची येते तेव्हा तो कपाटावर जातो. शिवाय एकदा पाकिटातून निघालेली गोळी कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मूळ नावांची यादी मी ट्रेच्या तळाशी चिकटवली आहे आणि तिचा फोटो माझ्या, भावाच्या आणि मेडिकलवाल्या दादांच्या मोबाइलमध्ये आहे. पुन्हा पूर आला तरी ती वाहून जाणार नाही.

पहिल्यांदा भरायला मला तीन तास लागले होते, आता वीस मिनिटं लागतात. गेल्या दिवाळीपासून अण्णा स्वतः भरतात, मी फक्त वहीशी ताडून बघते. रात्रीच्या कप्प्यात आता दोनच गोळ्या असतात, कोलेस्टेरॉलची आणि प्रोस्टेटची. ती प्रोस्टेटची गोळी तरी लागते का, हे पुढच्या महिन्यात डॉक्टर बघणार आहेत.

पैसे वसूल म्हणाल तर पहिल्या रविवारीच झाले. पाचपैकी चार तारे देते, एक झाकणांसाठी कापला. मागवताना झाकणांवरची अक्षरं छापलेली नसून कोरलेली आहेत ना, तेवढं फोटो मोठा करून बघून घ्या.